गॅमेक्सिन खाणारे जिवाणू

गॅमेक्सिन हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. पण ज्यांचे बालपण साठ-सत्तरच्या दशकात गेले त्यांना तो शब्द वाचताक्षणी त्याचा वास आठवेल. कुबट, जरासा बुरशीसारखा, नाकात बराच वेळ रेंगाळणारा. भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग लागली की चिमूटभर गॅमेक्सिन. खाटेच्या सांध्यांत ढेकूण झाले की गॅमेक्सिन. पावसाळ्यात उंबऱ्याबाहेर त्याचीच एक रेघ. शेतकऱ्याकडे ते "बीएचसी" या नावाने यायचे, दहा टक्क्यांची भुकटी म्हणून. कुणी ती यंत्राने धुरळत असे, कुणी सरळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पिकावर झटकत असे. डोक्यात उवा झाल्या किंवा अंगाला खरूज आली तर डॉक्टर जे पांढरे लोशन लिहून देत, त्या बाटलीवर "गामा बेंझीन हेक्झाक्लोराइड" असे लांबलचक नाव असे. तेही हेच. म्हणजे शेतात, घरात आणि अंगावर, तिन्हीकडे एकच रसायन.

मी या रसायनाबद्दल गेली काही वर्षे जमेल तसे वाचत आलो आहे. ते सापडले कसे, विकले गेले कसे, बंद का झाले, याबद्दल बरेच लिहिलेले मिळते. मला जास्त रस होता तो पुढच्या प्रश्नात. एवढे सगळे जे मातीत गेले त्याचे झाले काय? या प्रश्नाचा शोध घेणाऱ्या कहाणीत ओरिसातले उसाचे शेत आहे, फिलिपाईन्समधली भातखाचरे आहेत, लखनौजवळचे एक गाव आहे, आणि अगदी सुरुवातीला, तुम्हाला नवल वाटेल, पण मायकेल फॅरेडे आहे.

हो, तोच विजेचा फॅरेडे. १८२५ साली लंडनमध्ये दिव्यांसाठी तेलापासून बनवलेला वायू लोखंडी टाक्यांमध्ये दाबून भरत आणि घरोघर पोचवत. रिकाम्या टाकीच्या तळाशी एक तेलकट द्रव उरायचा. तो काय आहे म्हणून फॅरेडेने त्याचे पृथक्करण केले आणि त्यातून बेंझीन हाती लागले. बेंझीनचा जन्म हा असा तळाच्या गाळातून झालेला आहे. मग फॅरेडेने त्या बेंझीनमध्ये क्लोरीन सोडला आणि भांडे उन्हात ठेवले. त्याला स्फटिक मिळाले. त्याने ते नोंदवले आणि तो पुढच्या कामाला लागला. या स्फटिकांनी किडे मरतात हे कळायला त्यानंतर शंभराहून जास्त वर्षे लागली. एखादा शोध एवढा वेळ निरुपद्रवीपणे पडून राहावा याची मला गंमत वाटते.

१९१२ साली व्हान डर लिंडेन या डच रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की हे स्फटिक म्हणजे एकच पदार्थ नसून तीन-चार सारखेच दिसणाऱ्या पदार्थांचे मिश्रण आहे. इथे थोडे रसायनशास्त्र समजून घ्यावे लागेल, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. सहा कार्बन अणूंचे एक कडे आहे असे समजा. प्रत्येक कार्बनला एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन चिकटलेला आहे. सगळ्यांचे सूत्र तेच, वजन तेच. फरक एवढाच की कोणता क्लोरीन कड्याच्या वरच्या बाजूला आहे आणि कोणता खालच्या. या वर-खालीच्या फरकाने वेगवेगळे समघटक तयार होतात आणि त्यांना आल्फा, बीटा, गामा, डेल्टा अशी ग्रीक अक्षरे दिलेली आहेत. (जाता जाता, "बेंझीन हेक्झाक्लोराइड" हे नाव चुकीचे आहे, कारण क्लोरीन जोडला गेल्यावर ते बेंझीन उरतच नाही. शास्त्रीय नाव हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन, थोडक्यात एचसीएच. पण बाजारात चुकीचेच नाव रुळले, तसे ते नेहमीच रुळते.)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत आणि फ्रान्समध्येही असे लक्षात आले की या मिश्रणाने किडे पटापट मरतात. आणखी तपास केल्यावर कळले की मारण्याचे काम जवळजवळ सगळे एकटा गामा करतो. त्यावरून आयसीआयने त्याला "गॅमेक्सेन" हे नाव दिले, त्याचेच आपल्याकडे गॅमेक्सिन झाले. आणि ९९ टक्के शुद्ध गामाला पुढे "लिंडेन" म्हणू लागले, त्या १९१२ च्या डच माणसाच्या नावावरून. आपल्या नावाने एक कीटकनाशक जगभर ओळखले जाईल असे त्याला प्रयोग करताना वाटले असेल का कोण जाणे.

भारतात १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे बीएचसीचे उत्पादन सुरू झाले. स्वस्त, बनवायला सोपे, पेटंटची कटकट नाही. भात, ऊस, ज्वारी, कापूस, सगळ्यांवर चालणारे. मलेरियाच्या डासांना डीडीटी पुरेनासा झाला तेव्हा घरांच्या भिंतींवरही हेच फवारले गेले. एकूण वापराच्या हिशेबात भारत जगातल्या अगदी वरच्या देशांपैकी होता. ज्या काळात धान्यासाठी दुसऱ्या देशांच्या तोंडाकडे बघावे लागत होते त्या काळात हे वापरणाऱ्यांना आज नावे ठेवणे मला जमत नाही. कीड पीक खात होती आणि हाताशी हे होते.

पण त्या हिशेबातली एक गोष्ट मात्र मला आजही पटत नाही. उन्हात किंवा दिव्याखाली बेंझीन आणि क्लोरीन एकत्र केले की जे मिश्रण बनते त्यात गामा असतो १० ते १५ टक्के. आल्फा असतो ६० ते ७० टक्के. बाकी बीटा, डेल्टा वगैरे. म्हणजे शेतकऱ्याने बीएचसीचे पोते विकत घेतले तर त्यातल्या विषाचा जेमतेम सातवा भाग कामाचा आणि उरलेले कीड मारण्याच्या दृष्टीने जवळजवळ बिनकामाचे. बिनकामाचे म्हणजे निरुपद्रवी असे मात्र नाही. ते मातीत, पाण्यात, दुधात आणि माणसाच्या चरबीत जायचे ते गेलेच. वर त्याचा वास पिकाला लागायचा, बटाट्याची तर चव जायची. म्हणून श्रीमंत देशांनी ठरवले की आम्हाला फक्त शुद्ध गामा हवा. तो मिश्रणातून वेगळा काढता येतो. पण मग उरलेल्या ८५ टक्क्यांचे काय करायचे? एक टन लिंडेन बनवला की आठ ते बारा टन नको असलेले समघटक पडतात. ते कारखान्याच्या मागे ढीग करून ठेवले गेले, खाणींच्या खड्ड्यांत टाकले गेले, नदीकाठी पुरले गेले. जगभरात अशा टाकाऊ एचसीएचचा अंदाज ४० ते ७० लाख टन इतका आहे. तळाच्या गाळातून सुरू झालेली गोष्ट पुन्हा गाळापाशी आली, फक्त या वेळी तो डोंगराएवढा होता.

आता मातीकडे वळू.

फिलिपाईन्समध्ये लॉस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. भातावरच्या खोडकिडीसाठी तिथे खाचरातल्या पाण्यात गामा बीएचसी टाकून पाहत होते. के. रघु आणि आय. सी. मॅक्रे या दोघांनी १९६६ साली एक छोटासा पण महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. चिखलात टाकलेले गामा बीएचसी हळूहळू नाहीसे होते, आणि तीच माती आधी निर्जंतुक करून घेतली तर ते त्या मानाने टिकून राहते. म्हणजे ते उडून जाण्याने किंवा पाण्याने विघटित होऊन जात नव्हते, मातीतले कोणीतरी जिवंत ते संपवत होते. त्याहून लक्षवेधी गोष्ट पुढची. त्याच मातीत दुसऱ्यांदा औषध टाकले तर ते पहिल्यापेक्षा लवकर नाहीसे होते.

मातीला जणू पहिला डोस आठवत होता! खरे तर माती काही लक्षात ठेवत नाही. पहिल्या डोसाच्या वेळी ज्या थोड्या जिवाणूंना ते रसायन हाताळता येत होते त्यांची संख्या वाढली, आणि दुसऱ्या डोसाच्या वेळी खाणारी तोंडे आधीच तयार होती. शेतीच्या दृष्टीने ही तशी तक्रारीची बाब, औषध लवकर संपते म्हणून. प्रदूषणाच्या दृष्टीने हीच आशेची बाब. एकच वाक्य कोण वाचतो यावर किती अवलंबून असते पाहा.

पुढे दोन-तीन वर्षांत त्याच संस्थेत हे काम करणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू चिखलातून वेगळे काढले गेले. ते प्राणवायू नसलेल्या जागी जगणारे. तुडुंब भरलेल्या खाचरात बोटभर खाली गेले की हवा नसतेच, तिथे यांचे राज्य. यांची पद्धत अशी की कड्यावरचे क्लोरीन एकेक करून उतरवायचे. सगळे उतरवले की काय उरते? बेंझीन. २००५ साली हॉलंडमधल्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी बीटा एचसीएचच्या बाबतीत हे छान दाखवून दिले, प्राणवायूविना राहणाऱ्या जिवाणूंनी त्याचे बेंझीन आणि क्लोरोबेंझीन करून ठेवले. फॅरेडेने १८२५ साली उन्हात जे जोडले होते तेच जिवाणूंनी अंधारात सोडवले. पण बेंझीन काही शुद्ध पाणी नव्हे, ते स्वतःच कर्करोगाला कारण होणारे रसायन आहे. म्हणजे या मार्गाने प्रवास अर्धाच होतो. उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा दुसरे जिवाणू हवेत.

बरे, चिखल झाला. कोरडवाहू किंवा पाटपाण्याच्या जमिनीत हवा खेळती असते. तिथे बरीच वर्षे असाच समज होता की एचसीएच टिकून राहते. तो समज १९८९-९० च्या सुमारास मोडला, आणि तोही जवळजवळ एकाच वेळी दोन देशांत. जपानमध्ये वर्षानुवर्षे गामा एचसीएच टाकल्या गेलेल्या एका प्रायोगिक शेतातून असा जिवाणू मिळाला की जो हवेत राहून गामा खातो. आणि आपल्याकडे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत एन. सेतुनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असाच एक मिळाला. हे सेतुनाथन आधी लॉस बान्योसलाच चिखलातल्या जिवाणूंवर काम करून आलेले. त्यांचा जिवाणू आला उसाच्या मुळांभोवतीच्या मातीतून, जिला आधी एचसीएच पाजलेले होते. भात संशोधन संस्थेला ऊस फळला म्हणायचे! १९९० साली त्यांनी प्रसिद्ध केले की हा जिवाणू आल्फा आणि गामा तर काही दिवसांत संपवतोच, पण बीटालाही हात घालतो. बीटाचे महत्त्व पुढे येईल.

असा जिवाणू ओळखतात कसा, हे मला फार आवडले म्हणून सांगतो. बशीतल्या अगारवर एचसीएचचा थर देतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे बशी दुधाळ, धुकट दिसते. तिच्यावर मातीचे पातळ केलेले पाणी पसरायचे आणि थांबायचे. अनेक ठिपके उगवतात, त्यांतले बहुतेक सगळे नुसतेच बसून राहतात. एखाद्याच ठिपक्याभोवती धुके विरते आणि स्वच्छ गोल खळे दिसू लागते, चंद्राला पडते तसे. तो आपला माणूस. रंगाने हे ठिपके पिवळे असतात.

या पिवळ्या मंडळींची नावे पुढे अनेकदा बदलली. आधी स्यूडोमोनास, मग स्फिंगोमोनास. दरम्यान फ्रान्समध्येही एक सापडला होता. २००५ साली दिल्ली विद्यापीठातल्या रूप लाल यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिघांना शेजारी ठेवून तपासले आणि तीन वेगळ्या जाती म्हणून त्यांचे बारसे केले: स्फिंगोबियम इंडिकम, स्फिंगोबियम जपोनिकम आणि स्फिंगोबियम फ्रान्सेन्स. तीन खंडांत नसले तरी तीन देशांत तर नक्कीच, एकमेकांपासून हजारो मैलांवर, एकाच घराण्यातले जिवाणू एकच विद्या शिकले होते.

आता ती विद्या काय आहे ते पाहू. जपानमध्ये युजी नागाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एकेक पायरी शोधून काढली. लिंडेनवरून त्या जनुकांना "लिन" नाव पडले: लिन-ए, लिन-बी, लिन-सी अशी ओळीने. लिन-ए या जनुकापासून बनणारे एन्झाइम कड्यावरून एक क्लोरीन आणि शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन असे जोडीने उचलते. दोघे मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन निघून जातात. असे दोनदा होते. मग लिन-बी पुढे येते. ते पाण्याचा उपयोग करून क्लोरीनच्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवते. पुढची एन्झाइमे आणखी काही बदल करतात आणि शेवटी लिन-ई कडेच तोडते. कडे तुटले की ते रसायन परके राहत नाही. त्याचे तुकडे पेशीच्या रोजच्या चुलीत जातात, जिथे साखरेचे तुकडे जातात तिथेच. कार्बनपासून पेशीचे अंग बनते, ऊर्जा मिळते, उरतो तो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्लोराइड, म्हणजे मिठात असतो तोच क्लोराइड. सगळे इतके सुरळीत मात्र होत नाही. वाटेत काही रेणू भलत्याच बाजूला घसरतात आणि डायक्लोरोफिनॉलसारखे पदार्थ बनतात, जे या जिवाणूला पुढे पचवता येत नाहीत आणि बाधतातही. अजून घडी नीट बसलेली नाही असे दिसते.

आणि ती बसणार तरी कशी? एचसीएच हा निसर्गातला पदार्थ नाही. १९४० च्या दशकाआधी कोणत्याही मातीने तो खाद्य म्हणून पाहिलेला नव्हता. म्हणजे ही सगळी साखळी चार-पाच दशकांत जुळली आहे. जिवाणूंचे संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर (जपानीचा २०१० मध्ये, भारतीयाचा २०१२ मध्ये) दिसले की लिन जनुके एका जागी ओळीने नाहीत, इकडेतिकडे विखुरलेली आहेत, काही मुख्य गुणसूत्रांवर तर काही छोट्या फिरत्या प्लाझ्मिडांवर. आणि त्यांतल्या बऱ्याच जनुकांच्या शेजारी डीएनएचे ते उडते तुकडे आहेत जे एका जागेवरून दुसऱ्या जागी जातात आणि शेजारचे जनुकही सोबत नेतात. गावातल्या कोणाकडून खलबत्ता, कोणाकडून परात, कोणाकडून चूल आणून लग्नघर उभे करावे तसा हा संसार आहे. तीनही देशांतल्या जिवाणूंमध्ये तोच उडता तुकडा आढळतो. फक्त पहिली पायरी असलेले लिन-ए कोणाकडून आणले ते अजून कळलेले नाही. त्याचे जवळचे नातेवाईक कोणत्याही ज्ञात जिवाणूत सापडत नाहीत.

मला स्वतःला या इतिहासात सगळ्यात विचार करायला लावणारे पात्र वाटते ते बीटा. लिन-ए ला काम करायला क्लोरीन आणि शेजारचा हायड्रोजन हे कड्याच्या विरुद्ध बाजूंना सरळ उभे असावे लागतात, एक वर आणि एक खाली. गामात अशा जोड्या मिळतात. आल्फातही मिळतात. (भारतीय जिवाणूकडे तर लिन-ए च्या दोन प्रती आहेत आणि आल्फाच्या डाव्या-उजव्या आरसाप्रतिमांपैकी एकीला एक पसंत, दुसरीला दुसरी, असा कारभार आहे.) बीटात मात्र सहाही क्लोरीन कड्याच्या प्रतलात बाहेरच्या बाजूला आडवे पसरलेले असतात. पकडायला एकही जोडी नाही. लिन-ए त्याच्यापुढे हतबल. या अशा ठेवणीमुळेच बीटा सगळ्या समघटकांत चिवट. माणसाच्या चरबीतून तो बाहेर पडायलाही वर्षे लागतात. म्हणजे ज्याने कीड मेली नाही, ज्याच्यासाठी कोणी पैसे दिले नाहीत, तोच सगळ्यांत जास्त काळ आपल्याजवळ राहिला.

उसाच्या मुळाशी सापडलेल्या जिवाणूने इथे आडवाट काढली. लिन-ए जमत नाही ना, मग सरळ लिन-बी लावा. त्याचे लिन-बी बीटाच्या एका क्लोरीनच्या जागी, मग दुसऱ्याच्या जागी, ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवते. जपानी भावाच्या लिन-बी मध्ये आणि याच्यात अमिनो आम्लांचा फरक मोजून थोडक्या जागी आहे, पण तेवढ्याने काम पुष्कळ जलद होते. अडचण एवढीच की दोन जागा बदलल्यावर गाडी बहुतेक वेळा तिथेच थांबते. कडे तुटत नाही. गामाच्या बाबतीत खाणे म्हणता येईल, बीटाच्या बाबतीत कुरतडणे म्हणावे लागेल. आणि ते साहजिक आहे असे मला वाटते. ज्या रेणूतून पोट भरते तो खाण्याची विद्या जिवाणूंमध्ये लवकर पसरणार. बीटातून तेवढे मिळत नाही.

भारतात १९९७ साली मिश्र बीएचसीवर बंदी आली. लिंडेन मात्र चालू राहिले. २००९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत आल्फा, बीटा आणि लिंडेन तिघेही घातले गेले, आणि भारतात लिंडेनचे उत्पादन २०११ मध्ये व वापर २०१३ मध्ये बंद झाला. पण १९९७ ते त्या बंदीपर्यंत लिंडेन बनत होते म्हणजे त्याच्या कित्येक पट टाकाऊ समघटकही पडत होते. लखनौच्या चिनहट औद्योगिक भागातल्या अशा उत्पादनाचा टाकाऊ माल जवळच्या उम्मरी गावाच्या परिसरात टाकला गेला. दिल्लीच्या गटाने तिथली माती तपासून २०१२ साली जे आकडे दिले ते मी दोनदा वाचले. ढिगाच्या जागी एका ग्रॅम मातीत ४५० मिलिग्रॅम एचसीएच. एक किलोमीटरवर ०.७ मिलिग्रॅम. पाच किलोमीटरवर ०.०३. पहिल्या आकड्याला माती म्हणावे का हाच प्रश्न आहे, जवळजवळ अर्धे वजन रसायनाचे.

आणि तिथेही ते पिवळे ठिपके उगवतात. नुसते उगवतात असे नाही, पाच किलोमीटरवरच्या मातीपेक्षा ढिगावर याच घराण्याचे प्रमाण जास्त आहे, आणि फिरत्या जनुकांचेही. या जागेने जिवाणूशास्त्राला काही नव्या जातीही दिल्या: स्फिंगोबियम चिनहटेन्स, स्फिंगोबियम उम्मरीएन्स, स्फिंगोबियम लखनौएन्स. आणखी एकाचे नाव क्विस्क्विलियारम, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कचऱ्यातला. ज्या गावाचे नाव जिल्ह्याबाहेर कोणी ऐकले नसते ते आता सूक्ष्मजीवशास्त्राच्या यादीत कायमचे आहे. उम्मरीच्या लोकांना याचा अभिमान वाटावा अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

मग हे जिवाणू वाढवून मातीत सोडता येणार नाहीत का, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. दिल्लीच्या गटाने स्वित्झर्लंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर हे करून पाहिले आणि २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. उसाखालच्या त्या जिवाणूला त्यांनी वाढवले उसाच्याच मळीवर, कारण ती स्वस्त. मग दाणे काढून टाकलेल्या मक्याच्या कणसाचा कोरडा भुगा करून त्यात जिवाणू मुरवले. असा भुगा ३० अंश तापमानाला महिनाभर ठेवला तरी त्यातले १५ ते २० टक्के वाढण्याजोगे राहत. शीतपेटी नको, मोठे यंत्र नको. हा भुगा छोट्या खड्ड्यांत आणि एचसीएचने बिघडलेल्या एका शेतजमिनीत मिसळला तेव्हा समघटकानुसार ८५ ते ९५ टक्के एचसीएच नाहीसे झाले. मळी आणि मक्याचा भुगा! आपल्या कोणत्याही साखर कारखान्याच्या आसपास दोन्ही वस्तू मिळतील. हे वाचून मला झालेला आनंद लपवत नाही.

पण त्याच लेखात हेही आहे की आठ दिवसांनी सोडलेल्या जिवाणूंपैकी जास्तीत जास्त २० टक्के जिवंत होते. मातीतल्या जुन्या रहिवाशांपुढे बाहेरून आणलेल्यांचा फार काळ निभाव लागत नाही. आणि शेतजमीन म्हणजे ढीग नव्हे. शेतात रसायन थोडे आणि पसरलेले असते. ढिगात बीटासकट सगळे ठासून भरलेले, त्यात ना ओल धड, ना हवा, ना जिवाणूला लागणारे इतर अन्न. तिथे आधी तो ढीग बंदिस्त करणे भाग असते, आणि तेही सरळ नाही.

स्पेनच्या उत्तरेला पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी साबिन्यानिगो नावाचे गाव आहे. तिथे १९७५ पासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत लिंडेन बनत असे. त्याचे टाकाऊ समघटक गायेगो नदीच्या खोऱ्यात दोन जागी टाकलेले होते. त्यांतल्या बाइलीन नावाच्या जागेचा सगळा माल तिथल्या प्रादेशिक सरकारने २०१४ साली खणून काढला आणि शेजारी मुद्दाम बांधलेल्या, खालून-वरून अस्तर लावलेल्या नव्या जागी हलवला. काम चालू असताना एचसीएच ओढ्यातून नदीत उतरले, आणि नदीकाठच्या गावांना काही काळ तिचे पाणी पिणे बंद करावे लागले.